क्रॉसिंगला थांबणारी गाडी आणि ढवळसचं स्टेशन

कडुनिंब

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सोलापूरहून पुण्याला निघालो होतो. खिडकीची जागा मिळाली होती. कुर्डुवाडी सुटली तसा मी मोबाईल खिशात घातला आणि काचेला नाक लावून बसलो, कारण पुढं ढवळस येणार होतं. गाडी तिथं थांबणार नाही हे माहीत होतं. निदान पाटी तरी वाचू, एवढीच इच्छा. पिवळं काहीतरी डोळ्यांपुढून सर्रकन गेलं, विजेचे चार-सहा खांब गेले आणि पुन्हा ऊस लागला. शेजारच्या मुलाला सांगितलं, "इथं मी सहा वर्षं राहिलोय." तो म्हणाला, "इथं कुठं?" दाखवायला मागं काहीच उरलं नव्हतं.

माझे वडील ढवळसला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते, 1970 ते 1976. सोलापूर विभाग तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेत होता (1966 ते 1977). मुख्यालय सिकंदराबादला, त्यामुळं पुष्कळ मास्तर तेलुगू बोलणारे यायचे. आमचे मास्तरही तसेच. मराठी कळायचं त्यांना, पण बोलताना अर्धं वाक्य तेलुगूत जायचं.

स्टेशन म्हणजे मास्तरची खोली, तिला लागून तिकीट खिडकीचा आडोसा, समोर मुरूम टाकून सारखा केलेला फलाट आणि कडुनिंबाची झाडं. फलाट इतका खाली की म्हाताऱ्या माणसाला डब्यात चढवायला दोघं लागायचे, एक वरून हात धरायला आणि एक खालून. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. शेजारच्या स्टेशनावरून गाडी सुटली की वडील त्यावर लोखंडी गज मारायचे, मग शेतातली माणसं गाठोडी उचलायची.

पण खरं सांगायचं ते क्रॉसिंगबद्दल. लाइन एकेरी होती. समोरून दुसरी गाडी येत असली की एकीला आमच्याकडं लूपला, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, घ्यायचं, दुसरी मेन लाइनवरून पुढं काढायची आणि मग हिला सोडायचं. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. ज्या गाड्यांना ढवळसचा थांबा वेळापत्रकात नव्हता त्याही आमच्याकडं थांबायच्या. बायका पेरूच्या पाट्या, शेंगा, बोरं घेऊन डब्यांच्या खिडक्यांखाली हिंडायच्या. प्रवासी खाली उतरून कडुनिंबाखाली बसायचे. मुंबईचं वर्तमानपत्र आमच्या घरात यायचं ते असं कुणीतरी वाचून ठेवून गेलेलं. माझ्या बहिणीनं अक्षरं त्यावरच गिरवली.

आणि 1972. मी सहा वर्षांचा होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रेशनला तांबडी मिलो ज्वारी, शाळेत सुकडी, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी अख्खी गावं. आमची विहीर माघातच तळाला गेली. त्या उन्हाळ्यात स्टेशनवरच्या आणि जवळच्या वस्तीवरच्या बायकांनी क्रॉसिंगच्या मालगाडीचं पाणी आणलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाफेच्या इंजिनात कोळसा भिजवायला एक रबरी नळी असते. धूळ उडू नये म्हणून फायरमन तिनं कोळशावर पाणी मारतो. मालगाडी लूपला येऊन उभी राहिली की बायका घागरी घेऊन इंजिनाशी जायच्या. फायरमन ती नळी खाली सोडायचा. पाणी कढत, त्यावर तेलाचा बारीक तवंग. आई घरी आणून चौपदरी लुगड्याच्या फडक्यानं गाळायची, रांजणात तुरटी फिरवायची आणि रात्रभर निवायला ठेवायची. सकाळी त्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा. ती चव अजून जिभेवर आहे.

आता लाइन दुहेरी झाली. गाडीला गाडीसाठी थांबायचं कारण उरलं नाही. सगळ्यांना हवी होती तीच गोष्ट झाली आणि आमच्यासारख्या स्टेशनांचं जगणं त्याच दिवशी थांबलं. हे सगळं कुठंतरी लिहून राहावं असं फार वाटतं. ज्यांनी अशा स्टेशनांवर नोकरी केली, ज्यांचं गाव अशा लाइनीवर आहे, त्यांनी इथं लिहा. वडील गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यांना विचारायचं राहिलेलं मी आता तुम्हाला विचारतोय.

हुरडा

वाचून गलबलून आलं. आमची वस्ती वाकावजवळ, रुळापासून दोन शेतं अलीकडं. आज्जी सकाळच्या पॅसेंजरच्या शिट्टीवर चूल पेटवायची. गाडी लेट झाली की घरातला सगळा दिवस लेट. आज्जीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण कुठली गाडी किती डब्यांची हे आवाजावरून सांगायची.

जुना मास्तर

कडुनिंब, तुम्ही पॉइंट्समनचे चिरंजीव, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी सहायक स्टेशनमास्तर म्हणून लागलो तो अशाच रोडसाइड स्टेशनावर, याच विभागात. तुमचे वडील काय काम करत होते ते लोकांना कळायला हवं.

एकेरी लाइनीवर सगळ्यात मोठी भीती एकच. दोन स्टेशनांच्या मधे समोरासमोर दोन गाड्या. ती टाळायला नीलचं बॉल टोकन यंत्र असायचं. शेजारच्या दोन स्टेशनांवर एकेक यंत्र, तारेनं जोडलेलं. आत पोलादी गोळे. मी इकडून घंटेचे ठोके देऊन पुढच्या मास्तरकडं लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची, त्यानं द्यायची, तरच माझ्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडणार. तो एकदा बाहेर आला की पुन्हा यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघत नाही. तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर स्टेशन सोडायचा नाही. लाइनीचा ताबाच त्या गोळ्यात.

थांबणाऱ्या गाडीला गोळा देणं सोपं. न थांबणाऱ्या मेलला द्यायचा म्हणजे वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, तिच्यात गोळा. पॉइंट्समन रुळाच्या कडेला कडं उंच धरून उभा. फायरमन इंजिनातून वाकून कडं दंडात अडकवून घेणार आणि मागच्या सेक्शनचं कडं खाली टाकणार. रात्री हातात पेटता पलिता, तोंडावर इंजिनाचा झोत, पावसात पायाखाली निसरडी खडी. मी एकदा हौसेनं स्वतः दिला. दंड आठ दिवस काळानिळा होता. तुमचे वडील हे रोज करत होते.

उन्हाळ्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. खांबावर हात असलेले सिग्नल तारेनं ओढायचे असत. आउटर, म्हणजे स्टेशनाबाहेरचा सिग्नल, पार लांब असायचा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं ऊन तापलं की तार लांबायची. लिव्हर पूर्ण ओढला तरी सिग्नलचा हात अर्धवटच पडायचा. अर्धवट पडलेला हात बघून ड्रायव्हर थांबणार, आणि त्यानं थांबायलाच पाहिजे. म्हणून दुपारी तार ताणून घ्यायची, पहाटे गारव्यानं आखडली की पुन्हा सैल सोडायची. भर उन्हात तारेच्या कडेनं चालत जाऊन कप्प्या तपासणारा माणूस पॉइंट्समनच.

संध्याकाळी दिवे. सिग्नलच्या शिडीवर चढून रॉकेलचा दिवा ठेवायचा. आता गंमत बघा, हिरव्या सिग्नलची काच हातात घेतली तर निळसर दिसायची. रॉकेलची ज्योत पिवळी, ती निळ्या काचेतून आली की लांबून हिरवी दिसते. मला हे एका म्हाताऱ्या लॅम्पमननं काच हातात देऊन दाखवलं होतं.

आणि घड्याळ. रोज दुपारी चार वाजता कंट्रोलकडून, म्हणजे विभागातल्या गाड्या चालवणाऱ्या कचेरीकडून, वेळ यायची. मास्तर घड्याळ मिळवायचा. हुरडा यांच्या आज्जींचा दिवस ज्या गाडीवर चालायचा, ती गाडी या घड्याळावर चालायची.

कडुनिंब

मास्तर, वडिलांच्या उजव्या दंडावर गोल वळ होता. आम्हाला सांगायचे, "बैलानं मारलंय." आज कळलं.

रात्रपाळी

मी तरुण मंडळींतला, वाफेचं इंजिन फक्त प्रदर्शनात पाहिलेला. एक शंका आहे, आगाऊपणा वाटला तर माफ करा. लूप फलाटाच्या बाजूला, क्वार्टरकडं. मेन लाइन पलीकडं. मालगाडी मेन लाइनवर उभी राहिली असती तर बायकांना मधली गाडी ओलांडून जाता आलं नसतं. मग पाणी देणारी गाडी नेमकी अलीकडच्या लाइनीवरच कशी यायची? योगायोग असेल का?

कडुनिंब

हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मला वाटायचं मालगाडी तिथंच थांबते. आईला विचारून सांगतो. ती आता बहिणीकडं बार्शीला असते.

दगडी पूल

या धाग्यात थोडा जुना इतिहास घालतो. मी इतिहासाचा शिक्षक, सोलापुरातच आयुष्य गेलं.

मुंबई ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ची, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. ती गाडी चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा पुढचा डोळा दख्खनच्या कापसावर होता. मधे बोरघाट आडवा. कंपनीनं घाटाचं काम पुरं व्हायची वाट पाहिली नाही. खंडाळ्यापासून वरच्या अंगाला रूळ टाकायला घेतले. 1858 ला पुणं, मग भीमा ओलांडून पुढं आपल्या माळावर, आणि 1860 साली गाडी सोलापूरला पोचली. घाट मात्र 1863 ला खुला झाला. म्हणजे जवळपास तीन वर्षं सोलापूरचा माणूस मुंबईला निघाला की खंडाळ्यापर्यंत आगगाडी, तिथं उतरून पालखी नाहीतर तट्टू नाहीतर पायी घाट उतरायचा आणि खाली पुन्हा गाडीत बसायचं. त्या दिवसांतल्या रुईच्या गाठींचा विचार करा. माळावर वाऱ्यासारख्या आल्या आणि घाटमाथ्यावर बैलांची वाट बघत पडल्या.

1871 ला हीच लाइन रायचूरला मद्रासकडून आलेल्या लाइनीला मिळाली आणि मुंबई-मद्रास रस्ता जुळला. सोलापूर मधल्या वाटेवरचं गाव झालं. 1877 ला जुनी मिल सुरू झाली. तिची यंत्रं, कोळसा, तयार सूत, सगळं याच रुळांवरून.

त्याच सुमाराला 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. धान्य रेल्वेनं आणता येत होतं, पण ते स्टेशनापर्यंतच. स्टेशनापासून आत दहा-पंधरा कोसांवरच्या गावाला न्यायचं तर बैल लागतात आणि बैल चाऱ्यावाचून आधीच मेलेले. दौंड-मनमाड लाइन त्या दुष्काळात लोकांना काम म्हणून काढली आणि 1878 ला सुरूही झाली. म्हणून मी मुलांना सांगायचो की नकाशावरचं प्रत्येक बारकं स्टेशन हे दुष्काळात कुणाच्या तरी चालत जायच्या टप्प्यात होतं का, एवढं बघा.

आता ढवळससारखी स्टेशनं इतकी दाट का? एकेरी लाइनीवर दिवसाकाठी किती गाड्या पळतील हे इंजिनाच्या जोरापेक्षा क्रॉसिंगच्या दोन जागांमधलं अंतर ठरवतं. अंतर वीस किलोमीटर असेल तर एक गाडी ते तोडेपर्यंत समोरची खोळंबणार. मधे एक लूप टाकली की खोळंबा निम्मा. वाहतूक वाढली तशी मधली स्टेशनं वाढली. गावाला गाडी मिळाली ती त्या लूपच्या पाठीवर बसून.

"रोड" नावाची स्टेशनंही लक्षात घ्या. अक्कलकोट रोड, जिंती रोड. गाव आत राहिलं, स्टेशन वाटेवर. कुर्डुवाडीचंही जुनं नाव बार्शी रोड.

उजनीकाठ

आमच्याकडं स्टेशन मेलं ते दुहेरीकरणाच्या कितीतरी आधी. ते पाण्यात गेलं.

करमाळा तालुक्यातलं पोमलवाडी. भीमेच्या काठचं. डिकसळच्या दगडी पुलावरून गाडी भीमा ओलांडायची आणि पोमलवाडीला यायची. उजनी धरण झालं, पाणी फुगलं, तसं गाव उठलं, स्टेशन उठलं, लाइनसुद्धा उचलून उंचावरून नेली. आता गाडी भिगवण सोडून जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे अशी येते. डिकसळचा जुना पूल पुढं गाड्याघोड्यांच्या उपयोगी पडला. रेल्वेचा पूल रस्त्याचा झाला.

माझा जन्म उठलेल्या गावातला. वडिलांनी स्टेशन दाखवलं ते पाण्यावर बोट करून. ज्या साली उन्हाळ्यात उजनी फार खाली जाते, त्या साली पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, जुन्या भिंती वर येतात. अशा एका मे महिन्यात वडिलांना घेऊन गेलो होतो. चिखल भेगाळला होता. ते चपला हातात घेऊन चालत होते. एका चौथऱ्यापाशी थांबले, पाय जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "तिकिटाला इथं उभं राहायचं." मग उगाच खिशात हात घातला. पाच मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुमचं स्टेशन निदान कोरड्या जमिनीवर आहे, कडुनिंब. जाऊन उभं राहता येतं. जाऊन या.

शेंद्री

बार्शी लाइटचं नाव अजून कसं आलं नाही याचं नवल वाटत होतं, तेवढ्यात दगडी पूल यांनी बार्शी रोड काढलं. आमचं गाव शेंद्री, कुर्डुवाडी-बार्शी लाइनीवरचं.

1897 ला ही छोटी गाडी सुरू झाली. अडीच फुटी गेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केली. हलके रूळ, म्हणून प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही असा त्याचा हिशेब. पुढं पंढरपूर जोडलं, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. 1954 ला सरकारनं घेतली. आमच्या बाजूला मोठी लाइन 2008 ला आली.

माझे आजोबा कुर्डुवाडीला हमाल. छोट्या गाडीचा माल मोठ्या गाडीत चढवायचा तर मधे माणसाची पाठ लागते. लातूरकडून डाळ, शेंगा, सरकी यायची. छोटी वॅगन एका अंगाला, मोठी दुसऱ्या अंगाला, मधे फळी. आजोबा त्या फळीवर तीस वर्षं चालले. पोत्यात आकडा कुठं मारला की शेंग सांडत नाही हे त्यांना नेमकं माहीत. म्हातारपणी घरात कुणी गहू आणला तरी पोतं बघून सांगायचे, "ह्याची शिवण कच्ची हाय, धक्क्यावर फुटलं असतं."

आषाढीला छोट्या गाडीची काय अवस्था व्हायची ते पाहिलेलेच जाणोत. मालाच्या वॅगनीत वारकरी, टपावर वारकरी, पताका बाहेर. शेंद्रीला गाडी थांबली की गावातली बाया-माणसं भाकरीच्या चवडी घेऊन उभी. हातात हात देऊन भाकरी वर जायची. आमच्या घरी त्या दिवशी दोन पायलीच्या भाकरी व्हायच्या. कडुनिंब यांचं पाणी वाचलं तेव्हा मला त्या भाकरी आठवल्या. तिथं गाडीनं गावाला दिलं, इथं गावानं गाडीला.

सीनाकाठ

सगळ्यांचं वाचलं. मनापासून आवडलं. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते लिहितो.

मी मोहोळकडचा. 1994 साली वडिलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही त्यांना मिळेल त्या पॅसेंजरनं सोलापूरला न्यायला निघालो. तेव्हा गावात वाहन नव्हतं. मधल्या स्टेशनावर क्रॉसिंग लागलं. आधी एक मालगाडी गेली, मग एक एक्सप्रेस. बावन्न मिनिटं. मी घड्याळ बघत होतो म्हणून आकडा लक्षात आहे. वडील बाकावर आडवे, आई पदरानं वारा घालतेय, आणि खिडकीखाली एक बाई पेरू घ्या पेरू म्हणतेय. तिचा काही दोष नव्हता. वडील सोलापूरला पोचले, दुसऱ्या रात्री गेले. क्रॉसिंगमुळं गेले असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण दुहेरी लाइनीचा शेवटचा तुकडा, भिगवण ते वाशिंबे, 2022 ला पुरा झाला तेव्हा मला त्या बावन्न मिनिटांची आठवण आली आणि बरं वाटलं.

दुहेरी लाइन व्हायलाच हवी होती.

कडुनिंब

सीनाकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही क्वार्टरच्या ओट्यावरून ती थांबलेली गाडी बघत होतो. आत कोण कुठल्या घाईत बसलंय हे लहानपणी कधी मनात आलं नाही. लाइन दुहेरी झाली याचं वाईट वाटतं असं माझ्या लिहिण्यातून निघत असेल तर ते दुरुस्त करतो. माझं दुःख थांब्याचं आहे. पूर्वी क्रॉसिंगच्या निमित्तानं आपोआप थांबणाऱ्या गाडीतून कुणीतरी चढायचं, उतरायचं. आता थांबा कागदावर असेल तरच. मार्च 2020 ला पॅसेंजर बंद झाल्या, सुरू झाल्या तेव्हा एक्सप्रेसच्या नावानं, कमीत कमी भाडं 10 रुपयांचं 30 झालं. ते पुन्हा 10 वर यायला 2024 उजाडलं. त्या चार वर्षांत लहान स्टेशनांवरच्या माणसांची सवय मोडली. एकदा पोरं मोटारसायकलवर गेली की परत रुळाकडं येत नाहीत.

दोन रूळ आलेत तर एका पॅसेंजरला जागा जास्तच झाली असली पाहिजे. सकाळी एक, संध्याकाळी एक, प्रत्येक लहान स्टेशनावर मिनिटभर. एवढंच मागणं आहे माझं.

केमचा

अनुमोदन. आम्ही ढवळसच्या पुढच्या स्टेशनचे. केमचं कुंकू सगळ्यांना माहीत असेल. घरोघरी कारखाने. लहानपणी चुलत्यांबरोबर कुंकवाची पोती बैलगाडीतून स्टेशनवर न्यायचो. पोतं कितीही घट्ट शिवा, कुंकू झिरपतंच. पोती ठेवायच्या जागेची फरशी लाल, मापाचा काटा लाल, चिठ्ठी लिहिणाऱ्या बाबूंची बोटं लाल. ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, पोती चढवली की गार्डसाहेब पांढऱ्या कपड्यांना हात लागू नये म्हणून दोन्ही हात लांब धरून उभे राहायचे. गाडी दौंडकडं गेली तरी आमचा रंग त्यांच्या हिरव्या झेंडीच्या दांड्यावर असायचा.

आता माल टेम्पोनं जातो. कांदा, केळी सगळं ट्रकनं. 2020 ला सांगोल्याहून किसान रेल्वे सुटायची, शंभरावी गाडी डिसेंबरात बंगालमधल्या शालिमारला गेली होती, तेव्हा वाटलं होतं की मालधक्क्यांना पुन्हा दिवस येतील.

जुना मास्तर

रात्रपाळी यांच्या शंकेवर दोन ओळी. मी आईंच्या उत्तराची वाट बघत होतो, पण नियम सांगून ठेवतो. साधारणपणे एक्सप्रेस किंवा मेल मेन लाइननं सरळ जाणार, हे ठरलेलं. तिच्यासाठी थांबणारी गाडी लूपला. पण दोन्हीही मालगाड्या असल्या तर कुणाला लूपला घ्यायचं, कुणाला मेनवर, यात मास्तरला थोडी मोकळीक असते. कंट्रोलला काय सांगायचं ते तो ठरवतो. शंका योग्य आहे. सारखा योगायोग होत नसतो.

कडुनिंब

काल बार्शीला जाऊन आलो. आईला हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. उजनीकाठ यांच्या वडिलांचं आलं तिथं तिनं डोळ्याला पदर लावला. सीनाकाठ, तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, "त्यास्नी म्हणावं आईला जपा." मास्तरांनी लिहिलेलं गोळ्याचं ऐकून म्हणाली, "बैलाचं मीच सांगायला लावलं होतं. पोरं भ्याली असती."

मग रात्रपाळींची शंका विचारली. ती हसली. माझ्या वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मला हे पहिल्यांदा कळतंय.

मालगाड्यांचं क्रॉसिंग असलं की मास्तर खिडकीतून वडिलांना हाक मारायचे. वडील आधी क्वार्टरच्या मागं येऊन बघायचे की किती बायका आल्यात, आणि मग बोटांनी आकडा दाखवायचे. एखाद-दुसरी घागर असली तर काही नाही. जास्त असल्या की वाफेची गाडी अलीकडच्या लूपला यायची. आईला कारण तेव्हाही माहीत होतं, पण ही गोष्ट बाहेर बोलायची नाही असं वडिलांनी बजावलं होतं. मास्तरांची नोकरी होती. पन्नास वर्षं तिनं ते पोटात ठेवलं.

मी विचारलं, मास्तर नक्की काय म्हणायचे? आईला तेलुगू येत नाही. पण ते दोन शब्द तिला जसेच्या तसे पाठ आहेत, त्यांच्याच हेलात म्हणून दाखवले.

"एन्नि बिंदेलु?"

किती घागरी.

मी म्हटलं, आणि आपल्याकडं जास्तीत जास्त किती झाल्या असतील? तिनं थोडा वेळ भिंतीकडं बघितलं. बोटं मोडत एकेका घराचं नाव घेतलं. गँगमनच्या दोन, वस्तीवरच्या सहा, मास्तरीणबाईंची एक, आपल्या दोन.

"पदकोंडु," ती म्हणाली. "अकरा."